एनोकदाजींचे आठ फटके

दर मार्चला उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या उमान्नाक गावच्या गोठलेल्या समुद्रावर परदेशी माणसं गोल्फ खेळायला येतात. त्यांच्या घरी म्हणे हिरवळ असते. ती सोडून ही शहाणी मंडळी उणे पंचविसात, हिमनगांना वळसे घालत नारिंगी चेंडूमागे धावतात आणि संध्याकाळी एकमेकांचे कान जागेवर आहेत का ते बघतात. आम्ही जागा आखून द्यायची, कुत्री बांधून ठेवायची आणि हसू दाबायचं.

जागा आखतात माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एनोकदाजी. धंदा हॅलिबट मासळीचा. बर्फाला भोक पाडायचं, खाली दोर सोडायचा, वर बसून राहायचं. बर्फावरची स्लेजगाडी मासळीनं भरून येते, कुत्री धापा टाकत असतात, आणि दारातून कुणी विचारलं, "काय एनोक, मिळालं का काही?" तर दाजी म्हणतात, "कुठलं! चार काटे मिळाले. कुत्र्यांचं भागलं तरी पुष्कळ." विचारणाराही मान हलवतो, "हो ना, यंदा मासळीच नाही," आणि तासाभरानं पिशवी घेऊन आपला वाटा न्यायला हजर होतो. शिकारीची फुशारकी मारणारा आणि भरल्या घरात पादणारा, दोघांना आमच्याकडे एकच मान.

अकरा वर्षं निशाणं रोवता रोवता दाजींना हा खेळ लागला. पाहुण्यांनी टाकून दिलेल्या तीन काठ्या आणि हरवलेले चेंडू घेऊन ते मासळीच्या शेडमागे ठोकत बसायचे. ताई खिडकीतून ओरडायची, "साठी उलटली, आता तरी माणसांत या!" दाजी ऐकू न आल्यासारखं करायचे.

यंदा त्यांनी स्पर्धेत नाव घातलं, कारण बक्षीस होतं कोपनहेगनची जाण्यायेण्याची दोन तिकिटं. दाजींची लेक आवियाया तिकडेच, डेन्मार्कात ऑलबोर्गला असते. दाजींचे वडील एलियास वारले आणि चार महिन्यांनी तिला मुलगा झाला. साहजिकच नाव एलियास ठेवलं, आणि नावाबरोबर म्हातारा परत आला. तेव्हापासून दाजी त्या पोराला बाबाच म्हणतात. "बाबांना दाढ येतेय." "बाबांनी काल बूट चावला." पोर दोन वर्षांचं झालं, पण दाजींनी त्याला फोनवरच पाहिलेलं. तिकीट काढायची ऐपत कुणाची आहे इथं?

मी दुकानात गल्ल्यावर असते. नाव नोंदवायच्या दिवशी दाजी आले आणि साबणांच्या फळीकडे बघत म्हणाले, "सबीने, मला बाबांना भेटायचंय गं." एवढं मोठं मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दाजींशी टक्कर होती दातांच्या एका डॅनिश डॉक्टरांची. त्यांच्याकडे चौदा काठ्या. त्यातल्या दोन थंडीनं कडकन मोडल्या, तेव्हा ते थंडीवर रागावले. फटका चांगला बसला की वाऱ्यालासुद्धा सांगायचे, "पाहिलंस? पाहिलंस?" दाजी आपले बर्फाकडे बघायचे. चेंडू कुठल्या बाजूला घसरणार हे त्यांना बर्फाच्या रंगावरून कळायचं. शाळेचे मास्तर बरोबर चालून त्यांचे फटके मोजायचे आणि काही न विचारता लिहायचे.

या खेळात कमी फटक्यांत आटोपेल तो जिंकतो. दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी डॉक्टरांचा खेळ एकशे त्रेसष्ट फटक्यांत संपला. दाजींचा चेंडू पाडायचा एक खळगा उरला होता आणि फटके झाले होते एकशे छप्पन्न. म्हणजे सहात आटोपलं तरी तिकिटं दाजींची. अख्खं गाव तिथं जमलं होतं. नेमकं तेव्हा मास्तरांच्या नाकाचं टोक थंडीनं गोठून पांढरं पडलं. कुणीतरी त्यांना तंबूत ओढलं, आणि कागद-पेन्सिल माझ्या हातात आली.

दाजींनी पाच मारले. पाच! मी एकेक बोट दुमडून मोजले. चेंडू खळग्यात पडला.

आणि मी, अक्कल गहाण टाकल्यासारखी, चारचौघांत विचारलं, "किती झाले, दाजी?"

दाजींनी बुटावरचा बर्फ झटकला. "काय सांगू? हात चालतच नव्हता. आठ झाले असतील. नऊच लिही."

"वाराच वाईट," म्हातारा पावियाया मागून म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग तोंडानं कशाला मिरवायचं? एनोकनं गावाची लाज राखली.

मी आठ लिहिले. नऊ नाही लिहिले, हा माझा उदारपणा! गिऱ्हाईक बोलेल ते लिहायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. दाजींनी मी बोट ठेवलं तिथं सही केली. आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर एका फटक्यानं जिंकल्याचं पुकारलं, तेव्हा माझे डोळे उघडले. मी पंचांकडे धावले. "साहेब, पाच होते! सगळ्या गावानं पाहिलंय!"

पंचांनी कोटातून नियमांचं छोटंसं पुस्तक काढलं. "बाई, कमी लिहिले असते तर त्यांना बाद केलं असतं. जास्त लिहिले तर तेच धरायचे. सही झालीय."

"पण माणूस खोटं बोलून स्वतःचं नुकसान कशाला करेल?"

"तेच तर," पंच म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

डेन्मार्कची तिकिटं डेन्मार्कच्या माणसाला मिळाली. डॉक्टर म्हणाले, "अरेच्चा, परतीचं तिकीट तर माझ्याकडे आहेच!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पाहुण्यांचा मान ठेवायचा असतो.

घरी ताईनं मला फाडून खाल्लं. "डोळे होते ना गं तुला?"

"होते."

"मग?"

"दाजीच म्हणाले, आठ."

"लग्नात हेच म्हणाले होते, बायको मिळाली बरीशी. तेही लिहून ठेव!"

"तिला का बोलतेस?" दाजी म्हणाले. "तिनं विचारलं, मी सांगितलं."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवियाया हसत होती. "घ्या, माझे आजोबा बोलतायत तुमच्याशी. विचारतायत, कधी येताय?"

दाजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर पोर नाक चिकटवून बसलं होतं.

"बाबा, यंदा नाही जमलं," ते म्हणाले. "बर्फ चांगला नव्हता."

मी शेजारीच बसले होते. इतका चांगला बर्फ गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता.