खोक्यातला माणूस

खोक्यातला माणूस बोलला, तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन सोळा दिवस झाले होते. मी ओट्याशी चहाचं आधण ठेवत होते. बाहेरच्या खोलीतून बारीक पण स्पष्ट आवाज आला की, शेतकरी बंधूंनो, कांद्याच्या पातीवर जांभळे ठिपके दिसू लागले तर फवारणीला उशीर करू नका. साखरेची बरणी हातात तशीच राहिली. हे कांद्याचं बोलणं मी मागच्या वर्षी कितीदा ऐकलं होतं, पण ह्यांच्या तोंडून. आणि असा कोणी माणूस नाही, हे तेव्हा मीच ह्यांना सांगत होते.

बाहेर भाऊजी बसले होते. भाऊजी म्हणजे ह्यांच्या बेंजो पार्टीतले ढोलकीवाले. दोघं खडकीला एकाच कारखान्यात होते, ड्युटी सुटली की लग्नात, गणपतीत वाजवायला जायचे. गुडघ्यांच्या ऑपरेशनमुळे भाऊजींचं येणं वर्षभर बंद होतं. आता मीच त्यांना बोलावून बेंजो घेऊन जा म्हटलं होतं. चालतो का बघायला त्यांनी तो मी माळ्यावरून काढून दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्याला जोडला होता आणि बाजूला ठेवून पाणी पीत होते.

"रेडिओ लावलात का?" मी विचारलं.

"नाही वहिनी, अ‍ॅम्प्लिफायर रेडिओ धरतोय. होतं असं."

होतं असं म्हणे.

ह्यांना कंपवात होता. भाताचा घास तोंडापर्यंत जाईतो अर्धा ताटात सांडायचा. पण मांडीवर बेंजो घेतला, डावा हात बटणांवर आणि उजवा तारांवर गेला, की हात ऐकायचा. म्हणून रोज संध्याकाळी तासभर वाजवणं ठरलेलं. मागच्या वर्षी हे सांगायला लागले की खोक्यात एक माणूस बोलतो. काय बोलतो, तर काढणीआधी कांद्याचं पाणी कधी तोडायचं. मी म्हटलं, आपल्याकडे कांदा दीड किलो आहे, टोपलीत, त्याला कसलं पाणी तोडता. हे हसले नाहीत. मला हाक मारायचे, ये, ऐक म्हणायचे. मी भिजल्या हाताने जायची. वाजवणं थांबलं की ह्यांची बोटं थरथरून तारा वाजायच्या, म्हणून मला नीट ऐकू यावं यासाठी हे तळहात तारांवर दाबून धरायचे. मी खोक्याला कान लावायची. काही नाही. नुसती शांतता. हे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

असं सात-आठ वेळा झालं. मग मी जायचं सोडलं.

डॉक्टरांकडे मीच सांगितलं की ह्यांना भास होतात. डॉक्टर चांगले होते. त्यांनी दोनदा विचारलं की आवाज खरंच नसतो ना, घरात, शेजारी कुठे रेडिओ वगैरे. मी म्हटलं, नसतो, मी कान लावून बघितलंय. ह्या आजारात असं होतं, म्हणाले, आणि एक गोळी वाढवली. ह्या गोळीने अंग जड होईल, लक्ष ठेवा, हेही म्हणाले. तसंच झालं. पंधरा दिवसांत बोटं लाकडासारखी झाली. बेंजो भिंतीला लागला. खोका मी माळ्यावर टाकला, म्हटलं, दिसायला नको आणि आठवायला नको.

नंतर एकदा मी विचारलं, "आता बोलतो का हो तो माणूस?"

ह्यांनी भिंतीवरच्या बेंजोकडे बघितलं. मग म्हणाले, "तू नाही म्हणतेस ना. मग नाही."

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की गुण आला.

चार महिन्यांनी छातीत कफ झाला आणि हे गेले.

भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते आपले दुरुस्तीला लागले. आधी ट्यूब बंद केली, मग पंखा. माझा मोबाइल गॅलरीत नेऊन ठेवला. माणूस बोलतच होता. मग त्यांनी बेंजोकडची पिन काढली, तर आवाज वाढला. खोक्याकडची काढली तेव्हा गप्प झाला. म्हणजे दोष वायरचा. त्यांनी पिशवीतून आपली वायर काढून लावली आणि तार छेडली. तारेचाच आवाज आला, दुसरा नाही.

काढलेली वायर मी हातात घेतली. पिनेचं टोपण फिरवून उघडलं. आत माझेच दोन टाके होते. वीस वर्षं मी एका शेडमध्ये स्टॅबिलायझरला सोल्डरिंग केलंय. चौथी शिकलेली बाई, पण माझा टाका कधी सुटून परत आला नाही. मागच्या वर्षी उंदराने ह्यांची वायर कुरतडली, तेव्हा हे म्हणत होते, दुकानातून आणू. मी म्हटलं, दुकान कशाला, मी आहे ना. जुन्या टेबलफॅनची पांढरी वायर कापून जोडून दिली. वाजलं. मला केवढा अभिमान.

भाऊजी वाकून बघत म्हणाले, "टाका एक नंबर आहे. पण ही साधी वायर आहे. हिला आतून जाळीची लागते. जाळी नसली की वायर एरियलचं काम करते. कोणी केलं हे?"

"मी."

त्यांनी वायर माझ्या हातातून घेऊन टोपण परत बसवलं.

मी तीच वायर परत लावायला सांगितली. माणूस पुन्हा बोलायला लागला, आता ठिबक सिंचनाचं. मी म्हटलं, बेंजो मांडीवर घ्या आणि तळहात तारांवर दाबा. त्यांनी दाबला. माणूस गप्प. उचला म्हटलं. बोलायला लागला. भाऊजी सांगत होते की आपलं अंग लागलं की कधीकधी असं थांबतं. मी पुन्हा दाबा म्हटलं, पुन्हा उचला म्हटलं. किती वेळा ते मला आठवत नाही. शेवटी त्यांनीच बेंजो खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पुरे."

चहा उकळून आटला होता.

भाऊजी बेंजो आणि खोका घेऊन गेले. वायर मी ठेवून घेतली. लेक कात्रजला असते, तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, आता त्याचा काय उपयोग. उपयोग नव्हताच.

सोमवारी वायर पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, आजार पुढे जाणारच होता, मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, मनाचं राहू द्या, तुमच्या कागदावर ह्यांना भास होतात असं माझ्या सांगण्यावरून लिहिलंय, ते दुरुस्त करा. त्यांनी फाइल मागवली आणि इंग्रजीत एक ओळ लिहिली. मला इंग्रजी येत नाही. वाचून दाखवा म्हटलं.

त्यांनी वाचलं, "पत्नी सांगते, आवाज खरा होता."

मी उठले. बाहेर बाकावर माझ्यासारखीच एक बाई नवऱ्याचा हात धरून बसली होती. मी वायरची पिशवी घेऊन तिच्यापुढून निघून आले.

ज्यांनी तो आवाज ऐकला, ते गेले. ज्या बाईने नाही म्हणून सांगितलं, ती मी. मी आहे.