तळ्याच्या बांधावरचे सासरे

खेकड्याच्या स्वभावाची जेवढी पारख आमच्या सासऱ्यांना होती तेवढी अख्ख्या भोर संस्थानात कुणाला नव्हती, आणि माणसाच्या स्वभावाची त्याच्या निम्मीही त्यांना नव्हती, हे मी जावई या नात्यानं खात्रीनं सांगू शकतो. मी भोरला शाळेत मास्तर. लग्नानंतर पहिल्यांदा मार्गासनीच्या वरच्या अंगाला त्यांच्या गावी गेलो, तेव्हा पायावर पाणी घेतलं न घेतलं तोच त्यांनी मला गावच्या तळ्यावर नेलं. बांधावर उकिडवं बसवून एका बिळात माझाच हात कोपरापर्यंत घालायला लावला आणि विचारलं, "गार लागतंय का, पावणं?" गार लागलं तर बीळ वाहतंय, कोमट लागलं तर धनी घरात आहे, असा त्यांचा हिशेब. धनी घरात होता. सुजलेलं बोट घेऊन मी जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मामा (सासऱ्यांना आमच्यात मामाच म्हणतात) माझ्या बोटावरून खेकडा केवढा असावा याचा अंदाज बांधत होते.

चालताना ते समोर म्हणून पाहत नसत. किकवीला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मुठीत अक्षता धरून मांडवाच्या मेढीपाशी वाकलेले सापडले. तिथं एक बीळ होतं. ते उंदराचं निघालं याची त्यांना दिवसभर रुखरुख लागली. स्वतः ते खेकडा खात नसत, खाल्ला की अंगावर पित्त उठायचं. पण दुसऱ्याला आग्रह असा करत, की आपण जेवतोय की गावकीचं काम करतोय हेच खाणाऱ्याला कळेनासं व्हायचं.

मी हसत असे, पण त्या खुळामागं कारण होतं. तळ्याचा बांध साध्या मातीचा, आणि गावाची सगळी भातखाचरं त्याच्या खाली. आश्विनात पाऊस निघून जातो आणि नेमका तेव्हाच दाणा भरत असतो. त्या पंधरा-वीस दिवसांत तळ्याचं पाणी मिळालं तर भात, नाहीतर नुसतं पोकळ पळींज. आणि खेकडे बांधाची चाळण करून ठेवत.

एका वर्षी मामांनी गाव गोळा केला आणि भादव्यात बांधाचं एकूण एक बीळ चिकणमाती ठोकून बुजवून टाकलं. नारळ फोडला, गूळ वाटला, पाठीवर थापा घेतल्या. आत कोंडलेल्या खेकड्यांचा विचार तेवढा कुणी केला नव्हता. पाण्याकडचं दार बंद झालेलं पाहून त्यांनी बांधाच्या पलीकडून वाट काढली, आणि आजवर जी बिळं निम्म्यात संपत होती ती आरपार झाली. मग तोंडाशी ठोकलेली मातीही पाण्यानं मऊ होऊन सुटली. आठ दिवसांत तळ्याचा तळ दिसला आणि त्या साली गावानं पळींज कापलं. मामा देवळाच्या पारापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "गावाचं पानी म्या घालवलं. खेकड्याला नावं ठिवू नगा."

पुढच्या आषाढात बुजवण्याऐवजी धरण्याची मोहीम निघाली. काठीच्या दोरीला कोंबडीचं आतडं बांधायचं आणि नांगीनं घट्ट धरलं की अलगद वर उचलायचं. घरोघरी रस्सा शिजला, तरी बिळं काही कमी होईनात. मग मामांच्या ध्यानात आलं. पोटाखाली पिलं घेतलेली खेकडी हाती लागली, की बायामाणसं तिला हात जोडून पुन्हा बांधावरच सोडत होती. लेकुरवाळीला मारायचं नाही, ही गावची रीत. मामा घरी येऊन चिडले, आता तिलाही मारावंच लागेल म्हणाले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मारायची न्हाई. आन् हितं बी ठिवायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आपली पोरगी न्हाई का आपुन भोरला धाडली?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. पाहता पाहता त्यांचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांनी झाकलेली एक कळशी माझ्या खांद्यावर आली आणि आम्ही दोघं भर पावसात दोन कोस खाली नदीला गेलो. तिथं सगळा खडक, फोडायला बांधच नाही. मामा एकेकीला पाण्यात ठेवत आणि हळूच म्हणत, "नीट ऱ्हावा." माझ्या बायकोची पाठवणी करतानाही ते एवढंच म्हणाले होते. मला त्या माणसाची फार माया आली.

तीन पावसाळे गाव कळश्या वाहत राहिलं. तिसऱ्या आश्विनात पाणी दिवाळीपर्यंत टिकलं आणि लोंब्या वाकल्या. आता खेकडे संपले म्हणायचे, असं मी म्हणालो, तर मामांनी मान हलवली. "त्ये संपायचं न्हाईत, पावणं. दर साली वाहायचं. आपुन बी कुठं संपतोय?"

ते मात्र संपले. गेल्या आषाढात, त्यांच्या माघारी पहिल्यांदाच, मी त्या गावी निघालो होतो. वाटेत एक अनोळखी म्हातारी भेटली, डोईवर पळसाच्या पानांनी झाकलेली कळशी. तळं भरलंय का, विचारलं. काठोकाठ, म्हणाली. दम लागला होता तिला. मी कळशी खांद्यावर घेतली आणि आल्या वाटेनं तिच्यासोबत नदीकडं वळलो. पहिली खेकडी पाण्यात ठेवली तेव्हा "नीट ऱ्हावा" हे शब्द मीच बोललो, आणि म्हातारीनं दुसरी माझ्या हाती दिली.