रसवंतीपर्यंत

आमच्या शाळेच्या फाटकावर सांडूभाऊ एकोणीस वर्षांपासून रिक्षा लावतात. मूळचे पाचोडचे, तोंडानं फटकळ. रिक्षात आठ पोरं बसवतात. नियमात किती बसतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कोण उपाशी आलं, कुणाच्या घरी भांडण झालं, कुणी डबा गटारीत ओतला, हे त्यांना पहिल्या तासाआधी माहीत असतं. मी दुसरी ‘ब’ची वर्गशिक्षिका. चौदा वर्षं नोकरी झाली, पण मला यातलं काही माहीत नसायचं. मला पाढे माहीत होते.

अमृता जूनमध्ये माझ्या वर्गात आली. सात वर्षांची, दोन वेण्या, अक्षर सुंदर. बोलायची नाही. कमी बोलायची असं नव्हे, नाहीच. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. जुलैत मी भर वर्गात म्हणाले, “काय गं, तोंडात मूग धरलेस का?” वर्ग खदखदून हसला. विनोद बरा जमला असं मलाही वाटलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

नोव्हेंबरात तिला वर्गातच लघवी झाली. ‘बाथरूमला जाऊ?’ एवढं तिला विचारता येत नव्हतं. सकाळपासून धरून बसली होती, शेवटच्या तासाला नाही धरवलं. वर्ग सुटल्यावर मी तिला मागच्या दारानं रिक्षापर्यंत नेलं. सांडूभाऊंनी एक नजर टाकली, सीटखालची पाण्याची कॅन काढली आणि सगळ्या सीटवर ओतली. पोरं बोंबलली.

“सांडली,” ते म्हणाले. “माझं नावच सांडू हाय. बसा.”

आठही पोरं ओल्या कपड्यांनी घरी गेली. संध्याकाळी मला पाच आयांचे फोन आले, थंडीत पोरं भिजवली म्हणून. एकीनंही अमृताचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई सुरेखाताई आली. “घरी तर बडबड करून डोकं खाते, मॅडम. तुम्हीच काहीतरी धाक घातला असणार.”

“इथं सहा महिन्यांत एक अक्षर नाही,” मी म्हणाले. “घरी काय करता तुम्ही तिला?”

समोरची खोटं बोलतीय, याची दोघींनाही खात्री होती. मुख्याध्यापिकांनी निकाल देऊन टाकला. मार्चात तोंडी परीक्षा आहे, तोपर्यंत पोरगी बोलली नाही तर दुसरी शाळा बघा. अमृता दारात उभी राहून ऐकत होती. बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सुरेखाताई फाटकावर येऊन रडायला लागली. सांडूभाऊ तंबाखू मळत होते.

“रसवंतीपर्यंत बोलते,” ते म्हणाले.

“काय?”

“औरंगपुऱ्याच्या वळणावर रसवंती नाय का? तिथवर लई बोलते. रसवंती आली की बंद. घरी जाताना रसवंतीपासून परत चालू. तुमी दोघी बी खरंच बोलताय.”

मला ऐकायचं होतं. “मी बसते उद्या रिक्षात,” म्हणाले.

“तुमी बसल्या तर घरापासूनच बंद.”

मग मी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलं आणि स्कूटीवरून मागं लागले. या शहरात निम्म्या बायका तशाच फिरतात, कुणाला संशय येत नाही. सिग्नलला रिक्षाशेजारी थांबले, तर आतून खणखणीत आवाज आला, “ओ सांडूकाका, शेळी अंडं देत नसते हो!” सहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला. सिग्नल सुटला तरी माझी स्कूटी हलेना. मागचा मला शिव्या देत होता आणि मी स्कार्फच्या आत रडत होते. कशीबशी रिक्षा पुन्हा गाठली. पुढं रसवंती आली आणि खरंच, रेडिओचं बटण फिरवावं तसा आवाज गेला.

सुरेखाताई, सांडूभाऊ आणि मी, आम्ही तिघं सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, शिष्टपणाही नाही, भीती आहे. बोलायचं असतं, पण शब्द फुटत नाही. जबरदस्ती नको, बक्षिसाचं आमिष नको, बोललीच तर टाळ्याही नकोत. पाहुण्यांपुढं ‘कविता म्हण’ नको, आणि तिच्या वतीनं आईनं उत्तर द्यायचं नाही. जिथवर बोलते तिथून एकेक पाऊल पुढं न्यायचं.

“पाऊल कशाला?” सांडूभाऊ म्हणाले. “रिक्षा हाय की.”

त्यांची पद्धत एकच. चुकीचं बोलायचं. रसवंती दहा हातांवर आली की म्हणायचे, “वेरूळला समुद्र लई खोल हाय.” अमृताला चूक सहन होत नाही. भांडण रसवंतीच्या पुढं दोन दुकानं जायचं. सव्वीस जानेवारीपर्यंत आवाज झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आला, फेब्रुवारीत पिठाच्या गिरणीपर्यंत. मग एका बुधवारी ट्रॅफिक पोलिसानं आत डोकावून प्रेमानं विचारलं, “नाव काय बेटा?” झालं, परत रसवंती. सांडूभाऊ त्या पोलिसाशी अजून बोलत नाहीत.

घरी सुरेखाताई ओठ चावून बसायला शिकली. शाळेत मी अमृताला एक पिवळं कार्ड दिलं, हे दाखव आणि बाथरूमला जा म्हणून. सगळ्या वर्गाला दिसतं, म्हणून ते दप्तरातच राहिलं. एकदा मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून मी म्हणाले, “जुलैत मी चुकले. फार वाईट बोलले.” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पेन्सिलला टोक केलं.

तोंडी परीक्षा मी रिक्षात घ्यायचं ठरवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, परीक्षा आवारातच झाली पाहिजे. सांडूभाऊंनी रिक्षा आवारात आणली. मी मागच्या सीटवर अमृताशेजारी बसले आणि विचारलं, “सात सक?” पाच मिनिटं गेली. मुख्याध्यापिका कुंडीमागून घड्याळ बघत होत्या.

“चाळीस,” सांडूभाऊ पुढं बघत म्हणाले.

अमृता वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलली.

“मला कमी ऐकू येतं. मॅडमला सांग.”

ती माझ्याकडं वळली. “बेचाळीस,” म्हणाली. अगदी बारीक आवाजात. मग जरा थांबून, “यांना काहीच येत नाही.”

तिची शाळा वाचली. मुख्याध्यापिकांनी सही केली. पण वर्गात ती अजून गप्पच होती. मधल्या सुट्टीपर्यंत पाय आवळून बसलेली मला दिसायची.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून आवाज आला, “मॅडम, बाथरूमला जाऊ?”

हे वाक्य मी चौदा वर्षं रोज वीसदा ऐकलंय आणि दर वेळी वैतागलेय. टाळ्या नकोत, हे माझ्या लक्षात होतं. मी वळले नाही, वळायची सोयही नव्हती. “जा. लवकर ये,” म्हणाले, आणि तेच गणित पुन्हा खाली लिहिलं.

सुटल्यावर धावत फाटकावर गेले. “सांडूभाऊ, आज तिनं वर्गात विचारलं! बाथरूमला जाऊ का म्हणून. मोठ्यानं!”

सांडूभाऊंनी सीटखालची कॅन बाहेर काढली, झाकण उघडलं आणि घोटभर पाणी प्यायले.

“मग?” ते म्हणाले. “सोडलं ना तिला?”