आत्याला खुर्ची मिळाली

माझी आत्या वजनकाटे दुरुस्त करते. गेली सव्वीस वर्षं कंपनीची हत्यारांची पेटी घेऊन ती गावोगाव फिरते आहे. आमच्या घरात तिला एक खोली आहे, पण त्या खोलीत तिच्यापेक्षा तिचे धुतलेले कपडेच जास्त राहतात. बाबा म्हणतात, ताईच्या पायाला जन्मतःच भिंगरी बांधलेली आहे.

त्यामुळे कंपनीनं तिला बढती देऊन ऑफिसात बसवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. आता तिनं फोनवरूनच गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायच्या होत्या. खुर्ची गोल फिरणारी होती. बाबा म्हणाले, बघ, फिरायचीसुद्धा सोय केलीय.

दोन आठवडे आत्या शहाण्यासारखी बसली. मग ती डबा उभ्यानं खायला लागली. घरी आली की खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. आई म्हणायची, वन्सं, टेका आता, फरशी झिजेल.

अशात साबणाची पावडर करणाऱ्या एका कारखान्यातून फोन आला. त्यांचा माल पोती भरता भरता वेळेआधीच संपत होता. आत्यानं तिथल्या स्टोअरकीपरकडून फोनवर काटा नव्यानं जुळवून घेतला. आधी रिकामा काटा शून्यावर आणायचा, मग त्यावर वीस किलोचं प्रमाण वजन ठेवायचं आणि हे वीस आहे असं काट्याला शिकवायचं. तीनदा केलं, तरी रड तीच. काही बदललंय का, असं तिनं खोदून खोदून विचारलं. काहीच नाही, ते म्हणाले, उलट सगळं अगदी जपून ठेवलंय.

मॅनेजर म्हणाला, नवा काटा पाठवून द्या. आत्या म्हणाली, मी जाऊन बघते. त्यानं साफ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी उचलली आणि निघाल्याचं त्याला बसमधून कळवलं.

काटा ठणठणीत होता. चमकत होतं ते वजन. गंजायला लागलं म्हणून स्टोअरकीपरनी मोठ्या मायेनं त्याला निळ्या ऑइलपेंटचे तीन हात दिले होते. वीस किलो लोखंडावर पन्नास ग्रॅम रंग. काटा त्या रंगासकट वीस किलो धरत होता आणि पन्नास किलोच्या प्रत्येक पोत्यातून सव्वाशे ग्रॅम पावडर फुकट जात होती. फोनवर ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ही निगा होती.

परत आल्यावर मॅनेजरनं शाबासकी दिली नाही. लेखी माफी मागा आणि खुर्चीवर बसा, नाहीतर बढती गेली, असं सुनावलं.

जेवताना मी तिची बाजू लावून धरली. रंग फोनवर दिसला असता का, ती गेली म्हणून तर सापडला, वगैरे. बाबा जवळजवळ पटल्यासारखी मान हलवायला लागले होते. तेवढ्यात आत्यानंच मला थांबवलं.

"तू माझी वकिली करू नकोस. रंग सापडला नसता तरी मी गेलेच असते."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"काम आहे म्हणून मी जात नाही रे," ती त्यांना म्हणाली. "मला जायचं असतं, म्हणून हे काम धरलंय. त्यात लाज कसली?"

"चोपन्न वर्षांची झालीस, ताई. तिकडे कुठे आजारी पडलीस म्हणजे?"

"आजारी पडले तर झोपेन. बसणार मात्र नाही."

आई तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी पुन्हा विषयही काढला नाही.

सकाळी आत्यानं दोन ओळींचं पत्र दिलं. त्यात माफी नव्हती. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी आणि पेटी तिच्याकडेच राहू द्यावी, एवढंच. मॅनेजर असा भडकला की त्यानं भिंतीवरचा नकाशाच काढून टेबलावर पसरला आणि सगळ्यात लांबच्या विभागावर बोट ठेवलं. दोन बस आणि वर एक होडी. तिथं जायला सहा वर्षांत कुणी तयार झालं नव्हतं. आता हाच विभाग तुमचा, तो म्हणाला, घ्या, फिरा.

आत्यानं नकाशा आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि त्याच्या बोटाच्या पुढची गावं वाचू लागली.

"याच्या पलीकडे," तिनं विचारलं, "आपलं कुणी गिऱ्हाईक नाही का?"