बॅगेपाशी कोण बसणार

आमच्या घरात बॅग भरायचं काम माझं आणि भरलेल्या बॅगेपाशी बसायचं कामही माझंच. हे कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नाही. लग्न होऊन सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा हे काम सासूबाईंकडे होतं. पुढे त्यांचे गुडघे धरले, त्या घराबाहेर फारशा पडेनाशा झाल्या आणि बॅग माझ्या मांडीवर आली. महाबलीपुरम असो, प्राणिसंग्रहालय असो, मरीना असो, बाकीचे हुंदडायला जातात आणि मी कुठल्यातरी बाकावर बसते. एका बाजूला चपलांचे जोड, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्या. येणारेजाणारे मला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. मला ते नेहमी माहीत असतं.

लेक शाळेत होती तेव्हा आम्ही एकदा समुद्राच्या बाजूच्या एका थीम पार्कात गेलो होतो. सासूबाईही होत्या. त्यांना एकटं कसं बसवायचं, म्हणून मी त्यांच्याबरोबर बसले. आमचा बाक एका जहाजासमोर होता. दोन खांबांमध्ये टांगलेलं लाकडी रंगाचं मोठं जहाज. आधी हळूहळू झुलायचं, मग इतकं वर जायचं की टोकाला बसलेली माणसं जवळजवळ उभी दिसायची आणि तिथे ते क्षणभर थांबायचं. मी त्या दिवशी माणसांचे चेहरे पाहत बसले होते. वर जाताना प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कुणी हसतोय, कुणी देवाचं नाव घेतोय, कुणी उगाच बेफिकीर. खाली उतरताना मात्र सगळे सारखेच, केस विस्कटलेले आणि काहीतरी विसरून आल्यासारखे.

लेक उतरली तेव्हा मी तिला विचारलं, "वर नेमकं काय होतं गं?"

"मजा येते," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे पळाली.

नवऱ्याला विचारलं. तोही म्हणाला, मजा. एका शब्दात उरकण्याजोगं ते नक्कीच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते जाणून घ्यायचं होतं. सरळ सांगते, मला त्या जहाजात बसायचं होतं. पन्नाशी उलटली तरी ते डोक्यातून गेलं नाही. कुणाला बोलले नाही, कारण बोललं की आधी हसतात आणि मग रक्तदाब विचारतात.

यंदा नवऱ्याच्या कारखान्याने, तो ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहे, कर्मचाऱ्यांना त्याच पार्काचे कुटुंबासकट पास दिले. लेक आता नोकरीला लागलेली, तिला आमच्या सहलींचा जुना राग. ती म्हणाली, "आई, या वेळी ते घर पाठीवर घेऊन यायचं नाही. एकच छोटी बॅग. गेटपाशी लॉकर असतात, त्यात बसेल एवढी. सगळे हात हलवत फिरणार."

"चालेल," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तिने मोबाइलमधून मान वर केली.

बॅग घ्यायला मी एकटीच मेट्रोने जॉर्ज टाउनला गेले. तिथे बॅगांची एक आख्खी गल्ली आहे. दुकानदार घाऊक विकणारे, एक बॅग मागणाऱ्या बाईकडे ते फारसे प्रेमाने पाहत नाहीत. पण मी हलले नाही. छतापर्यंत टांगलेल्या बॅगा बघत उभी राहिले आणि मला त्यांचा नाद लागला. कुठली बॅग कुणासाठी बनवली असेल? एकीला बाहेरून इतके कप्पे होते की ती घेणारा माणूस नक्की सारखं काहीतरी हरवत असणार. एकीला आत फक्त एक मोठं पोट. ती आमची जुनी बॅग, तिच्यात काहीही मावतं आणि काहीही सापडत नाही. शेवटी एक निळी, पाठीला सपाट बसणारी काढली. चेन ओढून पाहिली, पट्टे खांद्यावर चढवले आणि दुकानातल्या आरशासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिले. जहाजातली माणसं तशीच करतात. दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, "पोरीसाठी का?" मी हो म्हणाले.

भरताना मात्र कसोटी लागली. माझ्या हाताला वळणच असं की घराबाहेर पडायचं म्हणजे एक जेवण, दोन खाणी आणि एक आजारपण बरोबर घ्यायचं. पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणजे डबे गेले. पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत, म्हणजे कपड्यांचे जड जोड गेले. मी सगळं पलंगावर मांडलं आणि प्रत्येक वस्तूला विचारू लागले, तू कशासाठी? छत्री कशासाठी? पाऊस नाही, ऊन आहे, आणि उन्हाला टोपी आहे. छत्री कपाटात गेली. जाड टॉवेलच्या जागी तुंडू आला. तुंडू म्हणजे इकडचा पातळ पंचा, पिळला की वाळलाच. ओल्या कपड्यांना एक प्लास्टिकची पिशवी, ओव्याची पुडी, चिकटपट्ट्या, उन्हाचं क्रीम. बॅग भरली आणि वर हाताचा पंजा जाईल एवढी जागा उरली. मला इतका आनंद झाला की मी ती उचलून पुन्हा पुन्हा वजन पाहिलं.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मी येणार."

सासूबाईंचं मराठी तंजावरचं. शब्द जुने आणि चाल तमिळची. सुरुवातीच्या काळात त्या 'जेवलीस का' म्हणाल्या तरी मला वाटायचं रागावल्यात, आणि माझं बोलणं त्यांना कायम गाडी चुकल्यासारखं वाटायचं. आता आम्हाला एकमेकींची सवय झाली आहे. तरीही त्या दिवशी वाटलं की मी चुकीचं ऐकलं.

"अम्मा, तिथे फार चालावं लागतं," नवरा म्हणाला.

"चालेन नाहीतर बैसेन. बैसायला काय अडचण?"

मी भात कालवत राहिले. आतून मात्र अशी चिडले की आमटी अळणी की खारट तेही कळलं नाही. त्या येणार म्हणजे त्या बसणार, त्या बसणार म्हणजे मी त्यांच्यापाशी बसणार. माझ्या निळ्या बॅगेचं काय? त्यांच्या गोळ्या, गरम पाण्याचा थर्मास, पाठीला उशी, दहीभात. जुनी मोठी बॅग माळ्यावरून उतरवावी लागणार, आणि मोठी बॅग उतरली की बाक आलाच. मी रात्री नवऱ्याला म्हणाले, "त्यांना शेजारी ठेवून जाऊ या का?" तो म्हणाला, "तूच विचार." मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज आला. त्यांना आताशा सुईत दोरा ओवता येत नाही, तो शेजारची मुलगी ओवून देते. काय शिवताय विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, जा." मशीनवर पिवळं कापड दिसलं. चेन्नईत लग्नाला गेलं की तांबूल घालून पिवळी कापडी पिशवी देतात, प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो, त्यातलीच एक. मी थर्मास घासायला घेतला तेव्हा त्या स्वयंपाकघरात आल्या. "थर्मास नको. माझी पै आहे मला," म्हणाल्या. पै म्हणजे पिशवी. मला वाटलं, औषधं आणि दहीभात त्यात नेणार आणि गेटवर पहारेकऱ्याशी वाद घालणार. तो वाद सोडवायला मी आहेच.

सहलीच्या सकाळी त्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात बसल्या होत्या. पायात कापडी बूट, मांडीवर पिवळी पिशवी, तोंडाला दोरीने घट्ट बांधलेली. गाडीत मी दोनदा तिच्याकडे पाहिलं. पिशवी पार चपटी होती. दहीभाताचा डबा असा चपटा नसतो. मग आहे तरी काय आत? विचारायला तोंड उघडलं आणि रागात होते म्हणून मिटलं.

गेटवर पहारेकऱ्याने पिशवी दाबून पाहिली आणि परत दिली. निळी बॅग लॉकरमध्ये गेली. लेक खूश, आम्ही हात हलवत निघालो. सासूबाई सावकाश, माझ्या हाताला धरून. जहाज त्याच जागी होतं, फक्त त्याला नवा रंग दिला होता. बाकही होता. सासूबाई बाकावर टेकल्या, त्यांच्याजवळ मी उभी राहिले, आणि नवरा आणि लेक रांगेकडे वळले.

आणि मग दोघांनीही, मागे न बघता, हात माझ्याकडे केले. एका हातात मोबाइल, पाकीट आणि किल्ल्या. दुसऱ्या हातात मोबाइल, केसांचा चिमटा आणि उन्हाचा चष्मा. जहाजात सुट्या वस्तू नेता येत नाहीत आणि लॉकर पार गेटपाशी. बॅग लहान केल्याने काही बदललं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने बॅग म्हणजे मी होते. त्यांचं चुकलंही नव्हतं, मी हात पुढे केलेलेच होते. मला त्या क्षणी खरंच रडू आलं. इतकी चांगली बॅग शोधून आणली होती.

"काय गे, त्या वस्तू इकडे दे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीची दोरी सोडली. पिशवी रिकामी होती. आत काहीच नव्हतं, फक्त कप्पे होते. जुन्या ब्लाउजच्या मऊ कापडाचे, एकाशेजारी एक शिवलेले. टाके वाकडे होते, पण पक्के होते. त्यांनी एकेक मोबाइल एकेका कप्प्यात सरकवला, किल्ल्या वेगळ्या ठेवल्या, चिमटा वेगळा. एक कप्पा रिकामा राहिला. त्याला आतून फ्लॅनेल लावलं होतं.

"हा तुझ्या कण्णाडीचा," त्या म्हणाल्या. कण्णाडी म्हणजे चष्मा. "काढ."

मला समजायला वेळ लागला. माझा चष्मा आजवर कुणी सांभाळला नव्हता, कारण तो मला कधी काढावाच लागला नव्हता.

"अम्मा, तुम्ही एकट्या..."

"एकटी कशी? एवढी माणसं आहेत इथे. आणि बैसायचं काम मला येतं. तुला येत नाही. मागच्या खेपेला कोणी बॅग उचलून नेली असती तरी तुला कळलं नसतं. तू सारखी वर पाहत होतीस. मी दोन्ही पाहत होते, बॅगही आणि तुलाही." मग म्हणाल्या, "तेव्हाच बोलायला हवं होतं. जा आता, ते रांगेत पुढे गेले."

मी चष्मा काढून दिला. जग लगेच मऊ झालं. रांगेत लेकीला हाक मारली तेव्हा ती वळून बघत राहिली आणि मग तिने काहीही न विचारता मला आपल्यापुढे उभं केलं. नवरा म्हणाला, "टोकाला नको, मधे बसू." मी म्हणाले, टोकाला. तो बिचारा माझ्यामागे आला.

जहाज हललं. पहिले झोके चांगले होते, सांगलीला झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोपाळ्यासारखे. मग जमीन पायाखालून निघून गेली. मी गजाला दोन्ही हात घट्ट आवळले, वर करायचे राहूनच गेले, आणि तोंडातून एक आवाज निघाला तो माझा नव्हता. पुढचं काही नीट सांगता येत नाही. कधीतरी ते थांबलं. उतरले तेव्हा मी हसत होते.

"कसं वाटलं?" लेकीने विचारलं.

"मजा आली," मी म्हणाले.

पण बाकावर बसलेल्या बाईला ते चाललं नाही. मी शेजारी बसताच त्यांनी माझा हात धरला. "मजा राहू दे. वर काय झालं ते सांग."

इतक्या वर्षांत मी लोकांना विचारलेला प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी शोधून शोधून सांगू लागले. म्हटलं, अम्मा, वर गेल्यावर जहाज थांबतं तेव्हा काही वजनच उरत नाही. पातळाचंही नाही, गुडघ्यांचंही नाही. मग आपण खाली येतो पण पोट तिथेच वर राहतं, ते मागून येतं. भीती वाटते, पण ती आपल्याला नसून शेजारच्या कुणालातरी वाटतेय असं होतं. त्या ऐकत होत्या, डोळे मिटून, ओठ किंचित हलवत. मधेच एकदा त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"आणि समुद्र? तिथून समुद्र दिसत असेल."

"माहीत नाही. चष्मा नव्हता."

"समुद्राला चष्मा कशाला? केवढा मोठा तो."

"डोळे मिटले होते, अम्मा."

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट निराशा दिसली. लहान मुलाची दिसते तशी, न लपवलेली. त्यांना या जहाजात कुणी बसू देणार नव्हतं, ना पार्कवाले, ना आम्ही, ना त्यांचे गुडघे. हे त्यांना घरून निघतानाच माहीत होतं. तरी त्या आल्या होत्या.

"सरि," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. पिशवीची दोरी त्यांनी मनगटाला नीट गुंडाळली. "मग परत जाऊन ये. या वेळी डोळे उघडे ठेव गे. मला विचारायचं आहे."

मी पुन्हा रांगेत उभी राहिले, एकटी. टोकाची जागा मागून घेतली. जहाज सगळ्यात वर गेलं आणि थांबलं, तेव्हा मी डोळे उघडे ठेवले.