विजासनच्या लेण्यातले बूट

त्या माणसाचं नाव मी घेत नाही. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, आमच्या वरच्याच क्वार्टरात राहायचा. आमच्याकडे बुद्धाच्या तसबिरीखाली बसून चहा प्यायचा. रविवारी कंपनीची बस मिळवून सगळ्या बिऱ्हाडांना फिरायला न्यायचा आणि दर वाक्याला विचारायचा, "पाहून राह्यले ना, भाऊ?"

एकदा भद्रावतीला तळ्यावरचा जुना दगडी पूल त्यानं स्वतः बांधल्यासारखा मिरवत दाखवला. गावातल्या देवळात सगळ्यांना जोडे काढायला लावले, लेकरांचे पायसुद्धा धुवून घेतले. मग गावाजवळच्याच विजासनच्या बौद्ध लेण्यात हा बुटांसकट शिरला, तोंडात विडी. बोलता बोलता त्यानं ती बुद्धाच्या मूर्तीच्या गुडघ्यावर दाबून विझवली.

माझं डोकं भणभणलं.

माझी म्हातारी आई पुढं झाली. गुडघ्यावरचा काळा डाग पदरानं पुसत म्हणाली, "भाऊ, जोडे बाहेर काढा."

तो हसला. "काऊन, बाई? इथी ना पूजा, ना पुजारी. कोण पाहून राह्यलं इथी?"

आईनं मान वर केली.

"मी पाहून राह्यली."