तिसऱ्या वळणावरची ॲम्ब्युलन्स

मी आठवीला शिकवायचे तेव्हा तो वर्षभर माझ्या वर्गात होता, पण माझ्या नजरेत भरला तो क्रीडादिनाला. सगळी शाळा शेवटच्या रेषेपाशी ओरडत होती आणि हा एकटाच मैदानाच्या दूरच्या वळणावर, पाण्याची बाटली आणि ओला रुमाल घेऊन उभा.

"इथे काय करतोयस रे?"

"बाई, पडणारा इथंच पडतो. तिकडे सगळे जिंकणाऱ्याला उचलायला जमलेत."

मुलांनी त्याचं नाव वळण्या ठेवलं. आता तो पन्नाशीला आला, पण मीही त्याला वळण्याच म्हणते.

पुढे तो बसडेपोत ब्रेक फिटर झाला. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे. तिथे मोटरसायकल क्लब दरवर्षी शर्यत भरवायचा. त्या शर्यतीचे मार्शल, म्हणजे वळणावळणावर झेंडे घेऊन उभे राहणारे बिनपगारी स्वयंसेवक, वळण्याने दर रविवारी सराव घेऊन तयार केले होते. एक शिंपी, दोन कंपाउंडर, पोस्टातल्या एक बाई, असे चाळीस जण. बावीस वर्षांत कोण जिंकलं हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागायचं. त्याचं लक्ष गाडी गेल्यावर रस्त्यावर काय सांडलं तिकडे असायचं. इच्छा एकच होती: आपल्या माणसांनी एकदा तरी व्यावसायिक शर्यतींच्या मोठ्या मालिकेतली एखादी शर्यत सांभाळावी.

तशी संधी आली. मालिका चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की पुढच्या वर्षीची एक शर्यत नव्या प्रदेशाला मिळेल, अर्ज करा. वळण्याने बेचाळीस पानं लिहिली आणि तपासायला माझ्याकडे आणली. कोणत्या महिन्यात वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं, सगळं होतं त्यात. एका ओळीवर मी अडले: 'रुग्णालय अकरा मिनिटांवर, बाजाराच्या दिवशी एकोणीस.'

"नुसतं अकरा लिही की."

"बाई, बाजाराच्या दिवशी पडला तर?"

मी पुढचं पान घेतलं.

कंपनीच्या फॉर्मात मात्र धावपट्टीविषयी जेमतेम तीन प्रश्न होते. बाकी सगळे हॉटेलच्या उंची खोल्या, खासगी विमानं उतरायची सोय, सरकार यजमानपदासाठी किती मोजेल, आणि कॅमेऱ्यात मागे पाणी किंवा डोंगर येईल का, याबद्दल. वधूपरीक्षेतसुद्धा लोक यापेक्षा बरं काही विचारतात.

मग पाहणीला दोघे आले. पांढऱ्या बुटांचे एक साहेब आणि त्यांच्या सेक्रेटरी बाई. स्वागताचे चार शब्द बोलायला क्लबच्या अध्यक्षांनी मला बोलावलं होतं. अध्यक्षांचं टाइल्सचं दुकान आहे आणि बोलणंही तसंच, गुळगुळीत. माझे चार शब्द चालू असताना साहेब फोनवर बोलत होते. बेचाळीस पानांची फाइल सेक्रेटरी बाईंनी उन्हासाठी डोक्यावर धरली. धावपट्टीची त्यांनी गाडीतूनच एक चक्कर मारली आणि तिसऱ्या वळणाच्या उंचवट्यावर उतरले.

"वा! मोठ्या पाहुण्यांचा मंडप इथे."

"साहेब, इथे ॲम्ब्युलन्स उभी असते," वळण्या म्हणाला.

"मग ती पलीकडच्या त्या शेडच्या मागे न्या."

"तिथून यायचं तर ट्रॅक ओलांडावा लागतो. शर्यत चालू असताना ओलांडणार कशी?"

"अहो, रोज थोडंच कोणी पडतं?" साहेब हसले. "आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ॲम्ब्युलन्स बरी दिसत नाही."

"मग पाहुण्यांना बसवू शेडमागे. त्यांना काही घाई नसते."

अध्यक्षांनी त्याचा दंड धरला. "अरे गाढवा, हो म्हण! नंतर बघू ना!"

नंतर बघणाऱ्यांतला वळण्या नव्हे. बदललेल्या नकाशावर मुख्य मार्शलची, म्हणजे त्याचीच, सही हवी होती. त्याने नकाशाची घडी घातली आणि साहेबांचं पेन परत केलं. म्हणाला, "उद्या सांगतो."

घरी काय झालं ते त्याच्या बायकोनेच मला सांगितलं. ती सरकारी रुग्णालयात नर्स आहे.

"मी म्हटलं, करा सही नि मोकळे व्हा! बावीस वर्षं माझे सगळे रविवार त्या वळणावर घातलेत, ते कशासाठी? तर त्यांनी नकाशा पुढ्यात ठेवला. मी बोट फिरवून बघितलं. शेडमागून निघायचं, गाड्या थांबायची वाट बघायची, मग उचलायचं. बाई, आमच्याकडे उशिरा आणलेले येतात ना, त्यांचे कपडे मी कापते. म्हटलं, नका करू."

सकाळी त्याने सही न करताच नकाशा परत दिला. अध्यक्षांनी त्याला तिथल्या तिथे काढलं आणि मुख्य मार्शल म्हणून स्वतःच सही ठोकली. लाल आणि पिवळ्या झेंड्यातला फरक त्यांना आजही विचारून बघा.

महिन्याभराने निकाल लागला. शर्यत समुद्रकाठच्या एका प्रदेशाला गेली. तिथे ट्रॅक नाही, मार्शल नाहीत. पण सरकारने हवी ती रक्कम कबूल केली होती. कराराचा फोटो वर्तमानपत्रात आला. मी वाचायचा चष्मा लावून सहीखालची तारीख पाहिली. साहेब आमच्या उंचवट्यावर मंडप मांडत होते, त्याच्या सहा दिवस आधीची! ज्याच्याशी सौदा ठरला त्याने मागे सरू नये, म्हणून दुसरं गिऱ्हाईक दाखवायला आम्हाला महिनाभर दारात उभं केलं होतं. अशा माणसांचा मला राग येत नाही. रागाला समोर काही वजन लागतं.

ते कात्रण घेऊन मी अध्यक्षांच्या दुकानात गेले. "तारीख वाचा."

"बाई, तारखेचं काय घेऊन बसलात? त्या वळण्याने तोंड उघडलं म्हणून गेली शर्यत."

गाव अजून तेच म्हणतं. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतंच, "आला बघा, आपली शर्यत घालवणारा." तो चहा संपवतो, कप ठेवतो आणि निघतो. चाळीस मार्शलांपैकी एकही त्याच्याशिवाय उभा राहायला तयार झाला नाही, त्यामुळे क्लबची शर्यत तीन वर्षं बंद आहे.

वळण्या सध्या डेपोत सकाळच्या पाळीला असतो. रविवारी तो बायकोबरोबर भाजी आणायला जातो.